पंप खोलून बसणारा मुलगा: डिप्लोमा, आयटीआय की सायन्स?

नमस्कार ताई,

मुलगा दहावीला, विज्ञानात मार्क बेताचे आणि सुट्टीत घरचा औषध मारायचा पंप खोलून बसतो, ही तुमची तक्रार. 'जाड दट्ट्या टाकला तर फवारा जोरात जाईल का,' असं तो विचारतो, हे तुम्ही जाता जाता लिहिलंय. मला तुमच्या पत्रात तेच सगळ्यात मोलाचं वाटलं.

त्याला वही घेऊन बसवा. दाब म्हणजे बल भागिले क्षेत्रफळ. दट्ट्याचा व्यास 4 सेंमी, तर क्षेत्रफळ साधारण 12.6 चौ. सेंमी. चौरस सेंटिमीटरला 3 किलो दाब हवा असेल तर दट्ट्यावर 38 किलोचा जोर लागतो. दांड्याची तरफ पाचपट फायदा देत असेल तर हाताला साडेसात किलो, घर्षण सोडून. आता व्यास 5 सेंमी करा. त्याच दाबाला दट्ट्यावर 59 किलो, हाताला जवळपास 12. दर खेपेला औषध दीडपट ढकललं जाईल, पण हात पहिल्याइतकाच जोर लावणार असेल तर दाब उलट कमी पडेल. शिवाय नोझल तेच ठेवून दुप्पट औषध काढायचं तर दाब चौपट लागतो. दट्ट्या मागं येतानाही फवारा का तुटत नाही, हे मात्र सांगू नका. आतला हवेचा डबा दाखवा आणि सोडून द्या.

(पंप खोलण्याआधी दाब सोडायचा, टाकी धुवायची, हातमोजे घालायचे. यात सूट नाही.)

आता 6 सेंमीचं गणित त्याला एकट्याला करू द्या. वायसर बदलता येणं वेगळं आणि आकड्यांत रमणं वेगळं. रमला तर दहावीनंतर मेकॅनिकलचा तीन वर्षांचा डिप्लोमा. कोल्हापुरात शासकीय तंत्रनिकेतन आहेच, पुढं इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं. माझा कौल यालाच. आकड्यांचा कंटाळा आला तर आयटीआयला फिटर किंवा मशिनिस्ट. शिरोली-गोकुळ शिरगावच्या कारखान्यांत चांगल्या मशिनिस्टला काय मान असतो, ते एकदा जाऊन बघा. शेतीच्या यंत्रांचंच वेड असेल तर बारावी सायन्स, सीईटी आणि कृषी अभियांत्रिकीचं बी.टेक.; ते तळसंदे आणि राहुरीला शिकवतात. त्या वाटेला फिजिक्स, गणित दोन्ही पक्कं लागेल.

फॉर्म भरायच्या आधी त्याची वही बघा. उत्तर चुकलं तरी चालेल, कुठं अडला ते मला कळवा.