एरर आला की आधी फोटो काढ

दुरुस्तीच्या कामात तू नवा आहेस, म्हणून पहिलं हेच सांगतो: एरर दिसला की लगेच ‘ओके’ दाबू नकोस. मोबाइलवर फोटो काढ. आपल्या रामबाग भागात कुणाकडे दुरुस्तीला गेलास तर ‘काहीतरी इंग्रजीत आलं होतं’ एवढंच कळतं. त्या काका-काकूंनाही फोटोची सवय लाव.

आता विंडोजचे ते भयंकर आकडे. समजा ‘०एक्स८००७००७०’ (0x80070070) आलं. ‘०एक्स’नंतर ८००७ असेल तर खरं कारण शेवटच्या चार आकड्यांत असतं, फक्त ते हेक्साडेसिमलमध्ये, म्हणजे दहाऐवजी सोळा अंकांच्या मोजणीत असतात. कॅल्क्युलेटर प्रोग्रामर मोडमध्ये उघड, हेक्समध्ये ७० टाक. डेसिमलसमोर, म्हणजे आपल्या नेहमीच्या मोजणीत, ११२ दिसेल. मग कमांड प्रॉम्प्टमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या विंडोत, ‘नेट हेल्पएमएसजी ११२’ (net helpmsg 112) दे. उत्तर काय येतं? डिस्कवर पुरेशी जागा नाही! शेवटी ०००५ असेल तर परवानगी नाकारली. एवढी साधी गोष्ट पडद्यावर सरळ का लिहीत नाहीत, याचा मला अजूनही संताप येतो. बिचारी माणसं आपलंच काहीतरी चुकलं म्हणून मशीनला हात लावायचं सोडतात.

मशीन अचानक बंद पडलं असेल तर इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे विंडोजच्या नोंदवहीत, त्या वेळेच्या नोंदी बघ. तिथल्या प्रत्येक लाल खुणेमागे मात्र लागू नकोस, धडधाकट मशीनवरही त्या असतात.

आणि पडद्यावर फोन नंबर दिसला तर तो एरर नव्हेच, फसवणूक आहे. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या एररमध्ये फोन नंबर कधीच नसतो. टास्क मॅनेजरमधून (चालू प्रोग्रामची यादी दाखवणारी विंडो) ब्राउझर बंद कर आणि त्या नंबरवर फोन करू नका, असं घरातल्या सगळ्यांना बजावून ये.