सस्पेंडमधून उठताच पॉवर मॅनेजर बंद पडतो: वाचकांचे प्रश्न

लिनक्स वापरणाऱ्यांकडून ही तक्रार सारखी येते आहे. सस्पेंड म्हणजे लॅपटॉप बंद न करता झोपवणं आणि पॉवर मॅनेजर म्हणजे बॅटरी, झाकण, ब्राइटनेस सांभाळणारा प्रोग्रॅम. निवडक प्रश्न घेतो.

प्रश्न : लॅपटॉप जागा झाला की 'पॉवर मॅनेजर अनपेक्षितपणे बंद पडला' असा संदेश येतो. मशीन बिघडलं का?

नाही. एक प्रोग्रॅम बंद पडला आहे, लॉगआउट करून परत लॉगइन करा.

प्रश्न : एक्सएफसीई या डेस्कटॉपचा पॉवर मॅनेजर आहेच, मित्राच्या सांगण्यावरून मेट या दुसऱ्या डेस्कटॉपचाही सुरू केला. चालेल ना?

चालणार नाही. झाकण आणि ब्राइटनेस दोघेही सांभाळायला जातात. एक बंद करा. टीएलपी आणि पॉवर प्रोफाइल्स डेमन हे वीज वाचवणारे दोन प्रोग्रॅमही एकत्र ठेवू नका.

प्रश्न : केडीई प्लाझ्मा हा डेस्कटॉप वापरते, बाहेरचा मॉनिटर जोडलेला असतो. जागं करताच पॉवरडेव्हिल, म्हणजे प्लाझ्माचा पॉवर मॅनेजर, क्रॅश होतो. दुकानदार म्हणतो रॅम बदला, भाऊ म्हणतो फॉरमॅट मार.

दोन्ही करू नका! रॅम खराब असती तर आज ब्राउझर पडला असता, उद्या आणखी काही. दरवेळी तोच प्रोग्रॅम, त्याच क्षणी पडतो तेव्हा संशय सॉफ्टवेअरवर घ्यायचा. न तपासता सुटा भाग विकणं हा धंदा झाला, दुरुस्ती नव्हे.

बाहेरच्या मॉनिटरचा ब्राइटनेस बदलण्यासाठी पॉवरडेव्हिल व्हिडिओ केबलमधूनच त्याच्याशी बोलतो. या पद्धतीला डीडीसी म्हणतात. लॅपटॉप उठतो, पण मॉनिटर अजून तयार नसतो, उत्तर येत नाही आणि काही आवृत्त्यांत प्रोग्रॅम तिथेच कोसळतो. मॉनिटरची केबल काढून सस्पेंड करून बघा. क्रॅश थांबला तर 'पॉवरडेव्हिल_नो_डीडीसीयूटिल' हे एन्व्हायर्न्मेंट व्हेरिएबल (प्रोग्रॅम सुरू होताना वाचतो ते सेटिंग) १ करा (नाव इंग्रजी मोठ्या अक्षरांत: POWERDEVIL_NO_DDCUTIL). बाहेरच्या मॉनिटरची ब्राइटनेसपट्टी जाईल, लॅपटॉपची राहील. नंतर अपडेट आलं की हे व्हेरिएबल काढून पुन्हा तपासा.

त्याआधी पुरावा जपा, हे मी पुन्हा पुन्हा लिहितो आहे. टर्मिनलमध्ये कोअरडंपसीटीएल (coredumpctl) ही कमांड चालवली की कोणता प्रोग्रॅम किती वाजता पडला ते दिसतं. ती वेळ आणि जागं केल्याची वेळ जुळते का बघा. 'मागच्या बूटचा (मशीन सुरू होण्याचा) लॉग, म्हणजे सिस्टीमची नोंदवही, काढा' असं सर्रास सांगतात, ते इथे चूक आहे. सस्पेंडमधून उठणं म्हणजे नवं बूट नव्हे, त्यामुळे चालू बूटचाच लॉग हवा. बटण दाबून मशीन बंद करावं लागलं असेल, तरच मागचा. आणि उशीर करू नका, जुने कोअर डंप (प्रोग्रॅम पडताना जपलेली त्याची माहिती) सिस्टीम काही दिवसांनी आपोआप पुसते. फॉरमॅट केलंत तर सगळंच गेलं, मग जाणकारानेही कशाच्या आधारे सांगायचं? लॉग घेऊन तुमच्या डिस्ट्रोच्या (वापरता त्या लिनक्सच्या प्रकाराच्या) मदतगटाकडे जा.

प्रश्न : माझ्याकडे उठल्यावर स्क्रीन काळीच राहते. एनव्हिडिया कार्ड आहे.

पॉवर मॅनेजरला दोष देऊ नका, हा बहुधा ड्रायव्हरचा प्रश्न आहे. एनव्हिडियाच्या ड्रायव्हरसोबत येणारी सस्पेंड आणि रिझ्यूम सर्व्हिस चालू आहे का, आणि व्हिडिओ मेमरी जपण्याचं सेटिंग लावलं आहे का, ते पाहा. बायोस (मशीन सुरू करणारं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट करायचं असल्यास आधी बॅकअप घ्या, फाइल लॅपटॉप कंपनीच्याच साइटवरून घ्या आणि सवय नसेल तर सर्व्हिस सेंटरला विचारा.

प्रश्न : 'बॅटरी दुप्पट टिकवणारं' पैसे भरून मिळणारं सॉफ्टवेअर घेऊ का?

नको. बॅटरीची खरी क्षमता यूपॉवर हे लिनक्सचं साधन फुकट दाखवतं. ती फार घटली असेल किंवा बॅटरी फुगली असेल तर वापर थांबवून आजच तंत्रज्ञाला दाखवा.