'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चे तिन्ही चित्रपट पाठ आहेत, पण पुस्तक दीडशे पानांपुढे सरकत नाही. टॉम बॉम्बाडिलची प्रकरणं गाळली तर चालेल का?

नाही चालणार. गाळण्यासारखा माल पुस्तकात पुष्कळ आहे, तो खाली सांगतो. बॉम्बाडिलला मात्र हात लावू नका.

'बॉम्बाडिल गाळा' हा सल्ला वाटत फिरणाऱ्यांशी माझं जुनं भांडण आहे. 'दिग्दर्शक पीटर जॅक्सनने काढून टाकला, काही अडलं का?' हा त्यांचा हुकमी एक्का. अडलं. कुठे ते सांगतो.

बॉम्बाडिल येतो पहिल्या भागाच्या सहाव्या, सातव्या आणि आठव्या प्रकरणात. सातवं रेंगाळतं, कबूल. पण आठव्यात बॅरो-डाउन्सच्या थडग्यांवर धुकं उतरतं, चौघे हॉबिट (फ्रोडो, सॅम, मेरी, पिपिन ही बुटकी मंडळी) एका थडग्यात अडकतात आणि बॉम्बाडिल त्यांना सोडवतो. मग थडग्यातून बाहेर आणलेल्या ढिगातून तो चौघांसाठी चार खंजीर निवडतो. पानाच्या आकाराचं लांब पातं, त्यावर लाल-सोनेरी सर्पाकृती नक्षी. माणसाच्या हातात खंजीर, हॉबिटच्या कमरेला तलवार. ते घडवले वेस्टरनेसच्या माणसांनी आणि त्यांचा पाडाव केला अंगमारच्या दुष्ट राजाने, हेही तो तिथेच सांगून टाकतो. वाचणारा ते वाचतो आणि विसरतो.

अंगमारचा तो राजा म्हणजेच विच-किंग, नाझगुलांचा, म्हणजे शत्रू सॉरॉनच्या नऊ भुताळी स्वारांचा, म्होरक्या. बरोबर ४१ प्रकरणांनंतर, पेलेन्नोरच्या रणात, मेरी मागून येऊन त्याच खंजिराने त्याच्या गुडघ्यामागची शीर तोडतो. टोल्कीन लढाई थांबवून सांगतो की दुसरं कुठलंही पातं, कितीही बलदंड हातात असतं तरी, इतका जिव्हारी घाव घालू शकलं नसतं. त्याच्या अदृश्य स्नायूंना त्याच्या इच्छेशी जखडणारा मंत्र त्या पात्याने तोडला. वार झाल्यावर पातं धुमसत जळून जातं. ज्या शत्रूसाठी ते घडवलं होतं, त्याच्यापर्यंत ते एका हॉबिटच्या हातून पोचलं, तेही घडवणाऱ्याची हाडं माती झाल्यावर.

चित्रपटात काय होतं? वेदरटॉपवर ॲरागॉर्न चार तलवारी काढतो, जवळ ठेवा म्हणतो, विषय संपला. कुणी घडवल्या, कशासाठी, पत्ता नाही. त्यामुळे मेरीचा वार म्हणजे साधलेली संधी एवढंच उरतं आणि सगळा भार विच-किंगला मारणाऱ्या एओविनच्या 'मी पुरुष नाही'वर येतो. प्रसंग टाळ्या घेतो, प्रश्नच नाही. पण त्याची मुळं कापलेली आहेत.

आता गाळायचं काय. सुरुवातीची प्रस्तावना पहिल्या वाचनात सरळ सोडा. शायरच्या, म्हणजे हॉबिटांच्या मुलखाच्या, तंबाखूचा इतिहास वाचून कुणाचं भलं झालेलं नाही. त्यातला अंगठी कशी सापडली हा तुकडा तेवढा वाचा, तोही 'हॉबिट' वाचलं नसेल तरच. (वाचाच, १९ प्रकरणं आहेत, आठवड्यात होतं.) लांबलचक गाणी डोळ्यांखालून घाला. एलरॉन्डच्या सभेचं प्रकरण मात्र एका बैठकीत संपवा. तुकड्यातुकड्याने वाचलं की कोण कुणाची हकीकत सांगतोय तेच कळेनासं होतं आणि निम्मे लोक तिथेच पुस्तक मिटतात. नकाशा उघडा ठेवा. एकूण ६२ प्रकरणं आहेत. रोज एक धरलं तर दोन महिने.

लोक अडकतात असं आणखी एक ठिकाण म्हणजे 'टू टॉवर्स'. चित्रपटाने फ्रोडोची आणि ॲरागॉर्नची गोष्ट वेणीसारखी गुंफली. पुस्तकात पहिली ११ प्रकरणं फ्रोडो दिसतच नाही, नंतरची १० फक्त फ्रोडो, सॅम आणि गोलम. मग काही हुशार मंडळी चित्रपटासारखं एक इकडचं, एक तिकडचं असं वाचायला सांगतात. अजिबात करू नका. 'टू टॉवर्स' संपतं तेव्हा फ्रोडो जिवंत पण शत्रूच्या हाती सापडलेला असतो. पुढची सलग दहा प्रकरणं त्याची काही खबर नाही. दहाव्यात, मोर्डोरच्या काळ्या दरवाजापाशी, सॉरॉनचा दूत गँडाल्फसमोर एकेक वस्तू काढतो: सॅमची आखूड तलवार, करडा झगा, फ्रोडोचं मिथ्रिलचं चिलखत. त्या क्षणी गँडाल्फला जेवढं माहीत आहे तेवढंच आपल्यालाही, म्हणून पोटात खड्डा पडतो. हाच प्रसंग चित्रपटाच्या लांबवलेल्या आवृत्तीत आहे, पण सॅमने फ्रोडोला सोडवलेलं आपण आधीच पाहिलेलं असतं. मग चिलखत बघून धक्का बसायचा कुणाला?

आवृत्ती घेताना २००४ साली दुरुस्त केलेला मजकूर आहे का ते बघा. एकखंडी ठोकळा कपाटात शोभतो, लोकलमध्ये हातात धरवत नाही. तीन खंड घ्या. इंग्रजी जड जात असेल तर मुग्धा कर्णिकांचा 'स्वामी मुद्रिकांचा' हा मराठी अनुवाद आहे. टोल्कीनच्याच 'सिल्मरिलियन' या पुराणकथांच्या वाटेला एवढ्यात जाऊ नका.

आणि हो, मी चित्रपटांचा वैरी आहे असं समजू नका. बोरोमिरचं मरण चित्रपटातच सरस आहे. पुस्तकात त्याची शेवटची झुंज पडद्याआड होते, ॲरागॉर्न पोचतो तेव्हा तो झाडाला टेकून शेवटच्या घटका मोजत असतो. जॅक्सनने ती झुंज दाखवली, शिवाय पहिल्या भागाच्या शेवटाला आणली, हे उत्तम केलं. त्याच्या भावाला, फॅरामिरला, बिघडवलं त्याची मात्र माफी नाही. पुस्तकातला फॅरामिर अंगठी रस्त्यात पडलेली दिसली तरी उचलणार नाही म्हणतो आणि शब्द पाळतो. चित्रपटातला फ्रोडो-सॅमला ओस्गिलियाथ शहरापर्यंत फरफटत नेतो. कारण समजतं: शेलॉब या राक्षसी कोळ्याचा प्रसंग तिसऱ्या चित्रपटात ढकलल्यावर दुसऱ्याच्या शेवटाला फ्रोडोपुढे काहीतरी संकट हवं होतं. पण भरपाई त्या बिचाऱ्याच्या स्वभावातून का?

एक राहिलं. अंगठी नष्ट झाल्यावर पुस्तकाची सहा प्रकरणं उरतात. चित्रपट डोक्यात असला की हा नुसता निरोपसमारंभ वाटतो आणि लोक भराभर पानं उलटतात. त्यातल्या पाचव्या प्रकरणाला, 'द स्कोअरिंग ऑफ द शायर'ला, गाडी हळू करा. चित्रपटातले हॉबिट घरी येतात तेव्हा गावाला कशाचाच पत्ता नसतो. पुस्तकात झाडं तोडलेली, घरं पाडलेली, गुंडांचं राज्य, आणि फितूर जादूगार सारुमान बसलाय फ्रोडोच्या घरात, बॅग एंडमध्ये.