कुलसंमेलनाला पहिल्यांदाच जाताना कोणती तयारी करावी?

स्वतःच्या शाखेची वंशावळ न्यावीच, परंतु तिच्यातील प्रत्येक नावामागचा पुरावाही न्यावा. वंशावळींचे तक्ते तेथे भिंतीभर लावलेले असतात, पुरावे मात्र क्वचितच दिसतात.

माझ्या माहेरच्या कुळाच्या संमेलनात कुलवृत्तांताच्या, म्हणजे कुळाचा इतिहास व वंशावळी देणाऱ्या ग्रंथाच्या, नव्या आवृत्तीसाठी माहिती गोळा केली जात होती. जुन्या आवृत्तीत माझ्या खापरपणजोबांना केवळ दोन मुलगे दाखवले होते. त्यांची मुलगी, जी ऐन तारुण्यात विधवा होऊन माहेरी परतली आणि जिने पुढे भावांची पोरकी मुले वाढवली, तिचा उल्लेखच नव्हता. नाशिकच्या तीर्थोपाध्यायांकडील नामावळीत (यात्रेकरूंच्या नोंदवहीत) शके १८०२ ची मोडी नोंद आहे आणि तीत भाच्यांसमवेत आलेल्या या आत्याचे नाव स्पष्ट वाचता येते. त्या पानाचे छायाचित्र मी समितीतील ज्येष्ठांपुढे ठेवले. त्यांनी ते पाहून न पाहिल्यासारखे केले आणि दिलेल्या मुलीची नोंद सासरच्या कुलवृत्तांतात असते, असे सांगून विषय संपवला. सासरचा कुलवृत्तांत मी आधीच चाळला होता. तेथे तिच्या पतीच्या नावापुढे ‘निःसंतान’ एवढेच आहे. जिने हे घर बुडू दिले नाही तिला दोन्ही ग्रंथांत जागा नाही, आणि मूळपुरुषाच्या पराक्रमाला, ज्याला एका कागदाचाही आधार नाही, चांगली चार पाने दिली आहेत. (मूळपुरुष साधा शेतकरी होता असे सांगणारे कूळ मला अद्याप भेटायचे आहे.)

तेव्हा सत्काराच्या भाषणांत वेळ न दवडता पंगतीत वयोवृद्ध स्त्रियांशेजारी बसावे. सोयरिकी, बाळंतपणे आणि दत्तकविधाने त्यांना जितकी पाठ असतात तितकी संपादकांना नसतात. मोडी येत नसेल, तर वाचून देणारा जाणकार आधीच गाठावा. जुन्या नोंदींतील शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, शकवर्षाच्या अखेरच्या महिन्यांत ७९. फसली सनात, म्हणजे महसुली कागदांतील जुन्या वर्षगणनेत, मात्र ५९० किंवा ५९१ मिळवावे लागतात.

दत्तकाची माहिती चारचौघांत बोलू नये, कारण जमिनीचे दावे आजही त्यावरून चालतात. सर्वच कुलमंडळे आमच्यासारखी नाहीत, हेही मान्य केले पाहिजे. काही ठिकाणी आता लेकींची अपत्येही नोंदवली जातात. आपल्या माहितीपत्रकात मुलींसाठी रकाना नसल्यास वेगळे जोडपत्र लावावे आणि त्याची लेखी पोच घेतल्याशिवाय उठू नये.