राउटर लगेच रीसेट करू नका

भाऊ, नेट बंद पडलं तर आधी फायबरच्या डब्यावरचे (ज्यात बाहेरून आलेली फायबरची तार लागते) दिवे बघा. 'एलओएस' (सिग्नल तुटल्याचं दाखवणारा दिवा) लाल असेल तर दोष तारेत आहे, राउटरशी झटापट करून उपयोग नाही. आमच्या जळगावच्या घरी कपाट सरकवताना ती बारीक पिवळी वायर मागे दुमडली गेली होती. आत काचेचा तंतू असतो, मुडपला की उजेड पुढे जात नाही. सरळ केली, नेट आलं. नाहीच आलं तर तक्रार नोंदवा.

लाल दिवा नसेल तर दोन्ही डबे बंद करा, अर्ध्या मिनिटाने आधी फायबरचा लावा, मग राउटर. राउटरच्या मागच्या रीसेटच्या छिद्रात टाचणी मात्र घालू नका! पीपीपीओईचं, म्हणजे कंपनीच्या नेटला जोडायचं, युजरनेम-पासवर्ड पुसलं जातं. आणि मे महिन्यात राउटर पत्र्याला चिकटून ठेवू नका, फार तापतो.