आईला दहा वर्षांपूर्वी कावीळ झाली होती. आता खानापूरहून बेळगावला नेऊन पित्ताशयाचं ऑपरेशन करायचंय. पूर्ण भुलीने लिव्हर बिघडेल का?

सहसा नाही, कावीळ जुनी आणि आताचे रिपोर्ट नॉर्मल असतील तर आजच्या भुलीने लिव्हर बिघडत नाही. बेळगावातच ऑपरेशन थिएटरमध्ये भूलतज्ज्ञांच्या हाताखाली काम करतो, म्हणून सांगतो. ही धास्ती हॅलोथेनच्या काळातली. १९५६ पासून वापरात आलेलं हे हुंगवायचं औषध. त्याचा जवळजवळ २० टक्के भाग लिव्हरमध्येच मोडायचा, त्यातला अंश तिथल्या प्रथिनांना चिकटायचा आणि शरीर आपल्याच पेशींवर उलटायचं. दुसऱ्यांदा दिलं की धोका जास्त. तरी गंभीर इजा साधारण १०,००० ते ३५,००० जणांत एखाद्यालाच. आताचं सेव्होफ्लुरेन २ ते ५ टक्केच मोडतं आणि तो चिकटणारा पदार्थ त्यातून तयार होत नाही. आयसोफ्लुरेन तर ०.२ टक्के.

मात्र डोळे आत्ता पिवळे असतील, पोटात पाणी असेल किंवा पीटी-आयएनआर (रक्त गोठायला लागणारा वेळ मोजणारी तपासणी) वाढलेला असेल तर गोष्ट वेगळी. तिथे औषधापेक्षा बीपी उतरून लिव्हरचा रक्तपुरवठा कमी होणं जास्त नडतं, आणि पूर्ण भुलीऐवजी कमरेत भुलीचं इंजेक्शन देऊनही ते टळत नाही. जुनं डिस्चार्ज कार्ड सोबत न्या. काविळीचा गावठी पाला अजून चालू असेल तर तोही भूलतज्ज्ञांना सांगा. हे बहुतेक जण लपवतात.