चिंतामण की चिंतामणी?

प्रश्न असा: मुलाला पणजोबांचं नाव ठेवायचं घाटतंय, चिंतामण. मामांचं म्हणणं, ‘चिंतामण’ हा अपभ्रंश आहे, शुद्ध रूप ‘चिंतामणी’. शिवाय बाळाच्या नावात ‘चिंता’ कशाला? बारसं तोंडावर आलंय, काय करावं?

आधी चिंता मिटवू. संस्कृतात चिंता म्हणजे मुळात विचार, चिंतन. काळजी हा अर्थ त्याच्याच पोटातला. मनात चिंतावं ते देणारं रत्न, तो चिंतामणी. ‘मणभर चिंता’ हा विनोद शाळेत कोणीतरी केला असता, पण मण हे माप आता मुलांना ठाऊकच नाही, तेवढीच सोय.

आता ‘णी’. संस्कृत शब्दाच्या शेवटचा ह्रस्व इकार गाळायची मराठीची जुनी खोड आहे. रात्रि-रात, रीति-रीत, जाति-जात. ‘रात’ म्हणणाऱ्याला कोणी अशुद्ध ठरवत नाही. गणपतिचा गणपत, श्रीपतिचा श्रीपत आणि चिंतामणिचा चिंतामण याच वाटेने झाले. त्यातून एक छान वाटणीही झाली: देवाला पूर्ण रूप, माणसाला आखूड. भाद्रपदात घरी येतो तो गणपती, शेजारी राहतात ते गणपतराव. थेऊरला चिंतामणी, पण सांगली संस्थानचे पहिले अधिपती चिंतामणराव पटवर्धन. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर (1943) चिंतामणराव देशमुख; त्यांना ‘चिंतामणिराव’ म्हणून बघा, जीभ अडखळते. अपवाद आहेतच. मोरया गोसावींचे चिरंजीव चिंतामणी महाराज हे इकारान्तच. पण त्यांना लोक गणपतीचा अवतार मानत, तेव्हा देवाचं रूप त्यांना शोभलं.

मामांचा आग्रह टिकलाच, तर निदान ‘णी’ दीर्घ लिहा. ‘चिंतामणि’ हे संस्कृत-हिंदी वळण झालं. मराठीत नावाचा शेवटचा इकार-उकार दीर्घ: हरी, विष्णू. समासात पुढे आला की तोच ह्रस्व, म्हणून हरिभाऊ, विष्णुपंत.

हाकेचं काय, हेही आत्ताच बघा. एवढं लांब नाव घरात कोणी घेणार नाही. चिंतू होईल, त्याचा चिंटू व्हायला आठवडाही लागणार नाही. जुन्यांची तऱ्हा निराळी होती: नारायणाचा नारो, मोरेश्वराचा मोरो, चिंतामणाचा चिंतो. राघोबादादांचे कारभारी चिंतो विठ्ठल आठवा. पाळण्यातल्या पोराला ‘अहो चिंतोपंत’ अशी हाक मारून पाहा. मला तरी भारी वाटते.

एक अडचण खरी आहे. इंग्रजी स्पेलिंगात ‘ण’ टिकत नाही, त्यामुळे महाराष्ट्राबाहेर तो ‘चिंतामन’ होणार. ‘चिंतामणी’ घेतलं तरी तीच गत, मग त्यासाठी नाव कशाला बदला? जन्मदाखल्यावर नाव घालायला 12 महिन्यांपर्यंत शुल्क लागत नाही, तेव्हा दाखल्याची घाई नको. पण एकदा ठरलं की पासपोर्टपर्यंत तेच रूप आणि तेच स्पेलिंग राहू द्या.

माझं मत सरळ ‘चिंतामण’ला. आणि बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा असतो, मामांचा नव्हे.